निळी चौकट पुसू नका

बाबांनी सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखन केलं. आता त्यांना कंपवात आहे. माउसचा बाण पडद्यावर भिरभिरत राहतो, हव्या त्या बटणावर टिकत नाही. कळफलकावर मात्र सावकाश का होईना, बोटं नेमकी पडतात. टॅब दाबला की पुढचा रकाना, एंटर दाबला की काम. टॅबची कळ टाइपरायटरवरही होती, त्यामुळे त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या बँकेच्या संकेतस्थळावर ते एक अर्ज भरत होते. सगळे रकाने भरून झाले, दोनदा टॅब दाबला, एंटर दाबला आणि अर्ज कोरा झाला. ते ‘रद्द करा’वर होते. पडद्यावर तसं काहीच दिसत नव्हतं. “अगं, मी आत्ता कुठे आहे हे कळणार कसं?” त्यांनी विचारलं. पंधरा वर्षं मी वेबपानं बनवते. उत्तर मला ठाऊक होतं: आपण जिथे असतो त्या बटणाभोवती ब्राउझर एक चौकट काढतो, ती खूण कुणीतरी पुसून टाकली होती.

सीएसएस ही वेबपानाच्या रंगरूपाची भाषा. ‘बटण निळं कर’ असं तिच्यात सांगता येतं, तसंच ‘माउस वर आला तरच गडद कर’ असंही. या ‘तरच’ला स्यूडो-क्लास म्हणतात. बटण तेच, त्याची अवस्था बदलली की रूप बदलतं. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत अशा अवस्था मोजक्याच होत्या, मुख्यतः दुव्यांसाठी: न पाहिलेला, पाहिलेला, दाबला जात असलेला. ‘हॉवर’ आणि ‘फोकस’ दोघंही १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. हॉवर म्हणजे माउस वर आहे, फोकस म्हणजे आता दाबलेली कळ इथे लागू होईल. एकाच वेळी आलेल्या या दोघांना आम्ही फार वेगळी वागणूक दिली. हॉवरच्या रंगछटेवर दोन-दोन बैठका होतात. फोकसच्या वाट्याला एक ओळ येते: ‘आउटलाइन: नन’, म्हणजे चौकट नको.

ही ओळ पसरली कशी, त्यालाही इतिहास आहे. सीएसएसचे जाणकार एरिक मेयर यांनी २००७ मध्ये ब्राउझरच्या मूळ शैली पुसून पाटी कोरी करणारी ‘रीसेट’ फाइल दिली. तिच्यात फोकसची चौकट काढलेली होती आणि शेजारीच, तुमची स्वतःची फोकस-शैली ठरवायला विसरू नका, अशी टीप होती. जगभरच्या लोकांनी फाइल उचलली, टीप वाचली नाही. २०११ च्या आवृत्तीतून मेयर यांनी तो नियमच काढला, पण तोवर सवय जडली होती. मलाही. ‘ती निळी चौकट वाईट दिसते’ असं ग्राहक म्हणाला की मी ती ओळ लिहायचे. आज त्याचा मला खेद वाटतो.

तेव्हा निदान एक अडचण खरी होती. माउसनं क्लिक केल्यावरही चौकट उमटायची आणि माउसवाल्याला तिचा उपयोग नसायचा. ‘फोकस-व्हिजिबल’ या नव्या स्यूडो-क्लासनं ती सोडवली. माणूस कळफलकावरून आला आहे की माउसनं, हे ब्राउझर पाहतो आणि गरज असेल तेव्हाच चौकट दाखवतो. मार्च २०२२ मध्ये सफारीतही ही सोय आली, म्हणजे सगळ्या प्रमुख ब्राउझरांत. सबब उरलेली नाही.

ही कुणावर करायची मेहेरबानीही नाही. फोकस दिसलाच पाहिजे, ही अट डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या जागतिक निकषांत २००८ पासून आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. माझ्या मते, दिसणारा फोकस नसलेलं बँकेचं पान म्हणजे पायऱ्यांना कठडा नसलेली बँक. अशी इमारत आपण वापरात येऊ देणार नाही.

वेबपानं बनवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, आज आपलं पान उघडा, माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत शेवटपर्यंत जा. कुठे आहात ते एका जागी जरी दिसेनासं झालं, तर ‘आउटलाइन: नन’ ही ओळ काढा आणि ‘फोकस-व्हिजिबल’ला तीन पिक्सेलची ठळक चौकट द्या. पाच मिनिटांचं काम आहे.