पुण्य आपलं, पोट वानराचं

नागपूरहून रामटेकला जाणारा भाविक गडमंदिराच्या पायऱ्या चढताना केळी, फुटाणे नाहीतर बिस्किटाचा पुडा हाताशी ठेवतो. दर्शनाइतकंच महत्त्व वानरांना खाऊ घालण्याला. पोटाला बिलगलेल्या पिल्लासकट मादी पुढे येते, एका काळ्या हाताने भाविकाची बाही धरते आणि दुसऱ्याने पुडा ओढून घेते. ‘रामाच्या गडावर मारुतीची सेना’ म्हणत सगळे हसतात. हाच भाविक उतरताना चष्मा गेला की ‘यांचा बंदोबस्त करा’ म्हणून ओरडतो.

देव म्हणा की चोर म्हणा, दोन्ही आरोपच. काळ्या तोंडाचं, अंगापेक्षा लांब शेपटीचं हे वानर मुळात पाला खाणारं रानातलं जनावर आहे.

खाऊ घालणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की रानात आता उरलंय काय, बिचारं उपाशी मरेल. ऐकायला दयाळू वाटतं, पण पानगळीच्या रानाचं वेळापत्रक या दयेला ठाऊक नाही. साग उघडाबोडका होतो त्याच दिवसांत पळस फुलतो, कुसुमाला तांबडी कोवळी पालवी येते आणि पाठोपाठ मोहाची फुलं गळू लागतात. वड, उंबर, पिंपळ आहेतच. इतर बरीच माकडं ज्या जून पानांना तोंड लावत नाहीत, ती पानंही वानर पचवतं.

त्याचं कारण त्याच्या पोटात आहे. वानराच्या जठराला कप्पे असतात. त्यातले जिवाणू पाला आंबवतात, त्यातलं सत्त्व मोकळं करतात. गायीसारखंच, फक्त रवंथ नाही. अशा पोटात पीठ आणि साखर पडली की आंबण्याचा वेग वाढतो, आम्ल वाढतं. लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या खाऊन गायीचं पोट कसं फुगतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गायीच्या बाबतीत जे गोठ्यात कळतं, ते गडावर का कळू नये?

दुसरा मुद्दा भक्तीचा. वानर म्हणजे सात्त्विक, निरुपद्रवी रामभक्त. पण युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या रानात वानरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा हुप्प्या येऊन टोळीच्या नराला हुसकावतो आणि मग पिल्लं मारली जातात, असं त्यांनी नोंदवलं. पुढे संशोधक सारा हर्डी यांनी माउंट अबूला वर्षानुवर्षं हाच संघर्ष अभ्यासला आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लं गेली की माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराची प्रजा वाढते, असा त्यांचा सिद्धान्त. त्याच टोळीत दुसरी बाजूही दिसते. गडद रंगाचं नवं पिल्लू जन्मलं की बाकीच्या माद्या ते या कडेवरून त्या कडेवर फिरवतात, आई तेवढ्यात निवांत पाला खाऊन घेते. माद्या सहसा जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आले की बाहेर पडतात. यात सात्त्विक शोधायचं म्हटलं तर काय शोधायचं!

शेतकऱ्याचं गाऱ्हाणं मात्र खरं आहे. हरभऱ्यात टोळी उतरली की घरात येणारं पीक जातं. पण गडावरच्या केळ्याने ते वाचत नाही, उलट माणसाच्या हाताची भीती मोडते. ज्याला हातातून घ्यायला शिकवलं, त्याने पिशवीतून घेतलं तर चोर कोण?

खऱ्या वानराला भेटायचं तर रामटेकपासून जवळच पेंचचं जंगल आहे. सिल्लारीच्या फाटकातून आत गेलेल्या जिप्सीत गाइड एकदम हात वर करतो, ‘थांबा, कॉल आहे.’ वाघ किंवा बिबट दिसला की वानर झाडावरून खाकरतं आणि खालचे चितळ कान टवकारतात. कान्हात पॉल न्यूटन या संशोधकाने वानर-चितळाची ही जोडी बारकाईने अभ्यासली आहे. एरवी या दोन प्राण्यांचा व्यवहार साधा. वानर निवडून खातं आणि बरंच टाकतं. कोवळा शेंडा तोडून उरलेली डहाळी खाली सोडतं. डहाळी जमिनीला लागते न लागते, तोच चितळाची मादी पुढे होते आणि मान खाली घालून पानं ओरबाडू लागते.