न घेतलेल्या फीचा हिशेब

कंबरेत उसण भरली की माणसाचा हुद्दा गळून पडतो. पेढीचा मालक असो की त्याच्याच गोदामातला हमाल, दोघेही भिंतीचा आधार घेत सारखेच कण्हतात. फरक पडतो तो पुढे. मालक गाडी काढून तज्ज्ञाकडे जातो, चार दिवस अंथरुणात काढतो आणि बरा होतो. हमाल कंबरेला उपरणे आवळतो, बायकोकडून गरम विटेचा शेक घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली वाकतो. एक दिवसाची हजेरी बुडणे त्याला परवडत नाही.

हे दुखणे किती पसरले आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. माणसाला अपंगासारखे घरी बसवणाऱ्या कारणांत या दुखण्याचा नंबर पहिला लागतो. जीव जात नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चे निघत नाहीत की निधी उभे राहत नाहीत. घरातला कर्ता हळूहळू मोडत जातो आणि शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडे यावर पूर्वी हाडवैद्य होते, तालमीतले वस्ताद होते. पुढे फिजिओथेरपिस्ट आले. आता मोठ्या शहरांत ‘कायरोप्रॅक्टर’ अशा पाट्याही दिसू लागल्या आहेत. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थांनी ही पद्धत सुरू केली. त्यांचा पहिला रुग्ण हार्वी लिलार्ड हा त्यांच्याच इमारतीत झाडलोट करणारा कृष्णवर्णीय कामगार होता. अडचणीच्या जागी वाकून काम करताना आपल्या पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून कमी ऐकू येऊ लागले, असे तो सांगे. पामरांनी त्याच्या मणक्यावर दाब दिला आणि ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. बहिरेपणाचा हा दावा आजचे वैद्यकशास्त्र मान्य करत नाही. मात्र जुनाट कंबरदुखीवरील २०२३ च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने व्यायाम, रुग्णाचे प्रबोधन आणि मालिश यांच्या बरोबरीने मणक्यावरील हस्तोपचारालाही एक पर्याय म्हणून जागा दिली आहे. मानेला झटका देण्यात क्वचित, पण गंभीर धोका असतो. तेव्हा पाटी कोणतीही असली तरी हात शिकलेला हवा.

या धंद्याचा पहिला रुग्ण झाडूवाला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण ज्यांच्या पाठीवर हे दुखणे सर्वाधिक बसते, तेच लोक आज त्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत.

अमेरिकेतल्या अनेक कायरोप्रॅक्टरांना याची जाणीव आहे. कोणी नाताळात गरीब मुलांसाठी खेळणी जमवतो. कोणी ‘गरिबांच्या धान्यपेढीसाठी डबाबंद अन्न आणा, पहिली तपासणी मोफत’ अशी योजना काढतो. काहींनी तर फीचा दरच काढून टाकला आणि भिंतीवर एक पेटी लावली. ज्याला जे जमेल ते त्याने त्यात टाकावे, कोणी किती टाकले हे कोणी पाहायचे नाही. दक्षिण आफ्रिकेतून येऊन कॅलिफोर्नियात स्थिरावलेले स्कॉट हाल्डमन हे कायरोप्रॅक्टर आणि मज्जातंतूतज्ज्ञही. त्यांनी २००८ साली ‘वर्ल्ड स्पाइन केअर’ ही संस्था स्थापन केली आणि तिने आफ्रिकेतील बोट्सवानात, जिथे पाठीच्या उपचारांची सोय फारशी नव्हती, दवाखाने उघडले.

आता या सगळ्याला एकच माप लावून चालणार नाही. डबाबंद अन्नाच्या बदल्यात मोफत तपासणी ही योजना वाईट नाही. कोणाच्या तरी ताटात त्यामुळे अन्न पडते. पण त्यात दान देतो तो रुग्ण, नाव होते ते दवाखान्याचे आणि दुसऱ्या खेपेपासून फी सुरू होते. आपल्याकडची मोफत शिबिरे आठवा. मांडव, फलक, नगरसेवकांचा सत्कार, रांगेत दोनशे माणसे, प्रत्येकाला तीन मिनिटे. संध्याकाळी मांडव उतरतो आणि कंबर जिथल्या तिथे राहते. कंबरेला एका दिवसाचे शिबीर पुरत नाही. तिला सहा आठवडे व्यायाम शिकवणारा आणि तो नीट होतो की नाही हे पाहणारा माणूस लागतो.

मी आयुष्यभर बँकेत होतो. दवाखान्यांसाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. सोबत प्रकल्प अहवाल असे. यंत्रसामग्री, भाडे, नोकरांचा पगार, दिवसाला अपेक्षित रुग्ण, हप्त्याची परतफेड, सगळे रकाने नीटनेटके भरलेले. ज्याच्याकडे पैसे नाहीत अशा रुग्णासाठी मात्र एकाही अहवालात रकाना नसे. विचारले तर उत्तर ठरलेले असे, ‘आधी जम बसू द्या साहेब, मग करूच.’ ही मंडळी लबाड नव्हती. पण जम बसणे ही अशी गोष्ट आहे की ती कधी पुरती होत नाही. कर्ज फिटले की दुसरी शाखा येते, मुलाचे शिक्षण येते. शिल्लक उरली तर दान, असे ठरवणाऱ्याच्या हाती शिल्लक उरलेली मी क्वचितच पाहिली.

याउलट ज्यांनी पहिल्या दिवशीच तो रकाना आखला, त्यांचे काय झाले? मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्यांच्या फीतून न देणाऱ्यांची शस्त्रक्रिया व्हावी, ही रचना सुरुवातीपासूनच होती. फुकट विभागात जायचे की पैसे भरायचे, हे रुग्णाने स्वतः ठरवायचे. दाखला मागायचा नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आलटूनपालटून दोन्हीकडे तेच. डोळ्यात बसवायची भिंगे परदेशातून महाग पडत, म्हणून १९९२ साली त्यांनी भिंगांचा स्वतःचा कारखाना काढला. आज ती संस्था जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे. दानाने ती बुडाली नाही, वाढली.

आपल्या महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांसाठी कायदाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या. शिवाय एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. पण गल्लीतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याला यातले काही लागू नाही. तिथे जे होईल ते डॉक्टरच्या मनाने होईल. म्हणूनच त्या दवाखान्याचा हिशेब मांडून पाहू.

समजा, दिवसाला वीस रुग्ण, फी चारशे रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस. जमा झाले दोन लाख. भाडे, मदतनिसाचा पगार, वीज, यंत्राचा हप्ता मिळून नव्वद हजार गेले. हाती उरले एक लाख दहा हजार. आता दर दहावा रुग्ण विनामूल्य पाहायचा म्हटले, तर वीस हजार कमी होऊन नव्वद हजार उरतील. पण हे झाले वीसही जागा पैसे देणाऱ्यांनी भरल्या तर. नव्या दवाखान्यात त्या भरत नाहीत. रिकाम्या टेबलाचे भाडे तेवढेच असते. तिथे एका गरिबाला झोपवले तर डॉक्टरचे अर्ध्या तासाचे कष्ट जातात, पैसा जवळजवळ जात नाही. म्हणजे ज्याचा जम बसलेला नाही, त्यालाच दान सर्वांत स्वस्त पडते!

इथे एक खोच आहे. रिकामी वेळ असते दुपारी दोन ते पाच. त्या वेळी हमाल बाजारात असतो, गवंडी परातीखाली असतो आणि घरकामाची बाई चौथ्या घरची भांडी घासत असते. त्याला बोलावायचे तर सकाळी सातला किंवा रात्री नऊला दार उघडे हवे. खरे दान आहे ते तिथे, स्वतःच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेतून काढलेले. मग या माणसासाठी वेगळे बाकही नको आणि वेगळा रंगाचा कागदही नको. फी किती दिली हे बाहेरच्या मदतनिसालाही कळू नये.

त्याआधीही एक दान आहे, आणि ते श्रीमंतालाही द्यावे लागते. अचानक भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते. हे डॉक्टरला ठाऊक असते, रुग्णाला नसते. त्या अज्ञानावर वीस बैठकांचे ‘पॅकेज’ आगाऊ पैसे घेऊन विकता येते. ‘तुम्हाला तीनच वेळा यावे लागेल, बाकी हा व्यायाम घरी करा,’ असे सांगणाऱ्याने सतरा बैठकांची फी सोडली. ती कोणत्याही पावतीवर येत नाही, तिला आयकरात वजावट नाही आणि तिचा फलक लागत नाही. पण जो डॉक्टर हे सोडत नाही, त्याने वर्षाअखेरीस एखाद्या अनाथाश्रमाला दिलेला धनादेश मला फारसा सुखावत नाही.

आणि शेवटी दवाखान्याच्या भिंतीपलीकडचे काम. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. तिच्यामागे जितके पाठीचे शास्त्र आहे, तितके उपचाराच्या टेबलावर क्वचितच असते. बाजारपेठेत दवाखाना असलेल्या डॉक्टरने महिन्यातून एकदा व्यापाऱ्यांच्या बैठकीत जाऊन सांगावे की तुमच्या गोदामातली चार माणसे माझ्याकडे का येतात. शाळेत जाऊन दप्तराचे वजन करावे. मशीनवर बसणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना पाय ठेवायला पाट द्यायला सांगावे. असे केल्याने रुग्ण कमी होतील, हे खरे. पण ज्या गावाला हा डॉक्टर आपला वाटतो, त्या गावात त्याचे टेबल रिकामे राहत नाही, हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो.

हे सगळे डॉक्टरांनाच ऐकवून आपण मोकळे होऊ नये. चारशे रुपये फी देताना घासाघीस करणारे आपणच असतो. आपण दिलेल्या पूर्ण फीवर दुसऱ्याची मोफत बैठक उभी असते. ‘किती वेळा यावे लागेल आणि का?’ हे पहिल्याच भेटीत विचारण्याचा संकोच आपणच बाळगतो. आणि आपल्या घरी गेली दहा वर्षे फरशी पुसायला येणाऱ्या मावशी हल्ली उठताना ओट्याला हात टेकतात, हे आपण पाहिलेले असते. त्यांच्यासाठी मोफत दवाखाना असेलही. तिथे जायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस, पगार न कापता, देणे डॉक्टरच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे, आणि उद्या सोमवारच आहे.