आजारी कोण, मूल की घंटा?

सातच्या घंटेला माझ्या नववीच्या वर्गातली निम्मी मुले पेंगत असतात. आम्ही मास्तर त्यांना आळशी म्हणून मोकळे! मीही म्हटले आहे. वस्तुतः वयात येताना देहातले घड्याळच मागे पडते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. उठल्याबरोबर ऊन, रात्री अंधार, प्रसंगी मेलाटोनिनची गोळी, हे डॉक्टरांचे उपाय खरेच. पण घंटा तशीच ठेवून गोळी मुलाला द्यायची, हा कुठला न्याय? २०२४ साली सरकारने नऊपूर्वी वर्ग नकोत असे फर्मावले, तेही चौथीपर्यंतच! आपणहून पहाटे जागणाऱ्यांना सवलत, आणि थोरल्यांना आमची घंटा. इमारत एक, पाळ्या दोन, ही अडचण मला ठाऊक आहे. मग हुकूम उलटा करा: सकाळ धाकट्यांना, दुपार थोरल्यांना. दुपारची पाळी आम्हा मास्तरांनाच नको असते, हे मात्र कुणी कागदावर लिहीत नाही.