चौथ्या वर्षाला बाहेरच्या मुलांनाही प्रवेश हवा

राज्यातल्या विद्यापीठांनी संगणकशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम सुरू करावेत, असं माझं ठाम मत आहे. मात्र बारावीनंतर आत आलेल्यांनीच शेवटपर्यंत जायचं आणि बाकीच्यांना मधून प्रवेशच नाही, अशी त्यांची रचना नको. त्याबद्दलचे हे मुद्दे.

१. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एका वर्षाची. कुठूनही गेलं तरी पाचच वर्षं. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५पासून आली, म्हणजे त्यांची पहिली तुकडी २०२७-२८मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल. जे ठरवायचं ते त्याआधी ठरवा.

२. एकात्मिक अभ्यासक्रमाचा खरा फायदा म्हणजे तेच तेच शिकणं टळतं. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी डीबीएमएसमध्ये नॉर्मलायझेशन, ट्रान्झॅक्शन, एसक्यूएलचे जॉइन शिकतो. पुस्तक सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं. यातले सुदर्शन आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. एम.एस्सी.च्या वर्गात वेगवेगळ्या पदव्यांची मुलं एकत्र येतात, म्हणून शिक्षकांना बऱ्याचदा पुन्हा नॉर्मलायझेशनपासून सुरुवात करावी लागते. पुस्तक तेच, प्रकरणंही तीच. पुढची क्वेरी ऑप्टिमायझेशन आणि रिकव्हरीची प्रकरणं येईपर्यंत सत्र संपत आलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिमचीही तीच गत: शेड्युलिंगचे गँट चार्ट दोनदा काढून होतात, लिनक्स कर्नलचा कोड मात्र एकदाही उघडला जात नाही. पाचही वर्षं एकाच अभ्यास मंडळाने सलग आखली, तर चौथ्या वर्षी विद्यार्थी स्वतःचा छोटा कंपायलर लिहील आणि पाचवं वर्ष प्रबंधाला मोकळं राहील. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बी.टेक. आणि संशोधनाधारित एम.एस. असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. तिथे विद्यार्थी प्रयोगशाळेत बसून प्रबंध लिहितो. आपल्या विद्यापीठांनी हेच डोळ्यासमोर ठेवावं.

३. आता कळीचा मुद्दा. बारावीला कोणाला कुठे प्रवेश मिळतो, हे क्लासची फी आणि वसतिगृहाचा खर्च कोणाला परवडतो यावरही ठरतं. संगमनेर, उदगीर, कणकवलीकडची कितीतरी मुलं गावाजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करतात. यातल्या अनेकांना आपल्याला अल्गोरिदममध्ये गती आहे, हे तिसऱ्या वर्षीच उमगतं. पाच वर्षांचा अभ्यासक्रम फक्त बारावीनंतरच्या प्रवेशावर चालला, तर या मुलांना पुढे जागाच उरणार नाही. म्हणून चौथ्या वर्षाच्या किमान एक तृतीयांश जागा बाहेरून येणाऱ्यांसाठी राखाव्यात, प्रवेश परीक्षा राज्यभर एकच असावी, आणि कच्च्या राहिलेल्या विषयांसाठी उन्हाळ्यात पूरक वर्ग घ्यावेत. क्रेडिट एका संस्थेतून दुसरीकडे नेता यावीत म्हणूनच तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. आयआयटी मुंबईत बी.टेक.चा विद्यार्थी काही वर्षं शिकून झाल्यावर दुहेरी पदवीकडे वळू शकतो. इतकी मोकळीक तिथल्या मुलांना आहे, तर तालुक्याच्या मुलांना का नसावी?

४. मधून बाहेर पडणाऱ्यालाही हातात पूर्ण पदवी मिळायला हवी. वडिलांचं आजारपण, बहिणीचं शिक्षण, अशा कारणांनी मुलं तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरतात. दोन्ही पदव्या पाच वर्षांनी एकदमच देऊ, असं म्हणणाऱ्या अभ्यासक्रमाला मान्यता देऊ नये. परत यायचं असेल तर त्याची जागाही काही वर्षं धरून ठेवावी.

५. शिकवणार कोण? बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतं. शिक्षक तासिका तत्त्वावर, पगार तासांच्या हिशेबाने, सुट्टीत काहीच नाही. अशा माणसाकडून प्रबंधाच्या मार्गदर्शनाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. चौथ्या-पाचव्या वर्षासाठी अनुदानित, पूर्णवेळ पदं मंजूर झाल्याशिवाय अभ्यासक्रमाला परवानगीच मिळू नये.

६. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय शासनाने २०२४मध्ये घेतला. संगणकशास्त्राच्या एकात्मिक विज्ञान पदवीलाही ती पाचही वर्षं लागू राहील, असं शासन निर्णयात स्पष्ट लिहावं. चौथ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्या मुलींचाही त्यात नावानिशी उल्लेख हवा.