सौरऊर्जेची साठवण आणि जुन्या बॅटरीचा प्रवास

2025च्या मध्यावर देशाच्या वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा आणि वायू वगळता अन्य स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. 2030साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले, याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घराघरांतले दिवे, पंखे, टीव्ही नेमके तेव्हाच सुरू होतात. क्षमता निम्मी असूनही प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून आता सगळ्यांचे लक्ष साठवणुकीकडे वळले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यानुसार 2031-32पर्यंत देशाला सुमारे 411 गिगावॅट-तास, म्हणजे 41 कोटी युनिट वीज साठवता येईल एवढी सोय लागणार आहे. त्यातला 236 गिगावॅट-तासांचा भार बॅटऱ्यांवर असेल आणि उरलेला डोंगरावर पाणी चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणाऱ्या प्रकल्पांवर. सह्याद्रीतला घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प हेच काम करतो.

हा विषय अभियंत्यांचा आणि अर्थतज्ज्ञांचा. त्यात डॉक्टरचे काय काम, असे वाटू शकेल. पण वीज साठवण्याचे साधन आणि आमचा दवाखाना यांचा संबंध दोन टोकांनी येतो. एक टोक आनंदाचे आहे, दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही.

आधी आनंदाचे. जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक बँक आणि इतर संस्थांबरोबर 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले जवळपास 100 कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत जिथे वीज नाही किंवा असली तरी तिचा भरवसा नाही. वीज नसणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बॅटरीच्या उजेडात टाके घालता येतात, पण नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर बॅटरीच्या उजेडावर चालत नाही. छत्तीसगडमध्ये शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर संच आणि बॅटऱ्या बसवल्या गेल्या. 2017 मध्ये सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा सौर संच असलेल्या केंद्रांत महिन्याला होणाऱ्या बाळंतपणांची संख्या संच नसलेल्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट आढळली. अशा तुलनेत सगळे श्रेय विजेलाच देता येत नाही. चांगले कर्मचारी असलेल्या केंद्रांना सोयीही आधी मिळतात. तरी दिवे असलेल्या ठिकाणी बाई बाळंतपणाला येते, एवढे समजायला आकडेवारीही लागत नाही.

लसींच्या शीतपेटीची गोष्ट तर याहून मजेदार आहे. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पूर्वी सौर शीतपेट्या बॅटरीवर चालत. तीन-चार वर्षांत बॅटरी थके, नवी यायला महिने लागत आणि तोवर पेटी नुसती उभी. मग संशोधकांनी बॅटरीच काढून टाकली. नव्या पेट्यांत सौर पॅनेल थेट कॉम्प्रेसर चालवते आणि दिवसा पेटीच्या अस्तरात बर्फ किंवा तशाच गोठणाऱ्या द्रवाचा साठा तयार होतो. रात्री आणि ढगाळ दिवसांत तोच बर्फ लसी थंड ठेवतो. म्हणजे वीज साठवायची ती थंडीच्या रूपात. साठवणूक म्हटले की आपल्याला फक्त बॅटरी दिसते. खरे तर जी वस्तू हवी आहे ती साठवता आली तर वीज साठवायची गरजच उरत नाही.

आता दुसरे टोक. आपल्याकडे घरात, दुकानात, दवाखान्यात वीज साठवणारी सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. ती आहे शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शोधलेले हे तंत्र मूळ रूपात आजही तसेच आहे. स्वस्त, दणकट, कुठेही दुरुस्त होणारे. असंख्य ई-रिक्षा अजून याच बॅटऱ्यांवर धावतात आणि रोजच्या वापराने त्या साधारण वर्ष-दीड वर्षात निकामी होतात. बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. त्याला भाव मिळतो, म्हणून जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. ती भंगारवाल्याकडे जाते. फेरवापराच्या दृष्टीने हे आदर्शच म्हणायला हवे. अमेरिकेत अशा जवळजवळ सगळ्या बॅटऱ्या पुन्हा कारखान्यात पोहोचतात.

प्रश्न कारखाना कसा आहे याचा आहे. धुराची गाळणी, बंद यंत्रे, कामगारांच्या रक्ताची तपासणी हा खर्च जो करतो, त्याला भंगाराला कमी भाव द्यावा लागतो. जो वस्तीच्या टोकाला कुऱ्हाडीने बॅटरी फोडतो, आम्ल गटारात ओततो आणि शिशाचे पत्रे उघड्या भट्टीत वितळवतो, त्याला यातले काहीच नाही. तो चार पैसे जास्त देऊ शकतो. शिसे 327 अंशांनाच वितळते, त्यामुळे भट्टीही साधी चालते. धूर निघून जातो, पण शिशाची धूळ अंगणात, कपड्यांवर, धान्यावर बसते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे तिशीतला एक माणूस वारंवार पोटात कळा येतात म्हणून आला होता. सोनोग्राफीत काही नाही, रक्त मात्र खूप कमी. रक्ताच्या नमुन्यात तांबड्या पेशींमध्ये निळसर ठिपके दिसले आणि हिरड्यांवर निळी-काळी रेघ. तुमचे काम काय, हे विचारल्यावर उलगडा झाला. जुन्या बॅटऱ्या फोडून तो पोट भरत होता. त्याला औषध देता आले. मला काळजी वाटली ती त्याच अंगणात खेळणाऱ्या त्याच्या दोन मुलांची, कारण त्यांना काहीच होत नव्हते.

शिशाचा हाच कावा आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. गिळलेल्या शिशातले प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल जवळपास निम्मे. शरीरात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या पाच वर्षांखालील 67 टक्के मुलांना रक्तक्षय आहे. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, पण हाडांत शिरलेले वर्षानुवर्षे राहते आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचू शकते. मुलाला ताप येत नाही, पुरळ येत नाही. अभ्यासात मागे पडणे, लक्ष न लागणे, चिडचिड, एवढेच. असे मूल डॉक्टरकडे नाही, शिक्षकांच्या ओरड्याकडे जाते. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असे सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे.

सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात 18 लहान मुले दगावली. जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाने भरलेली माती चाळून विकण्याचे काम त्यांच्या घरांत चालत होते. इतके उघड संकट क्वचित येते. एरवी नुकसान मुकाट होते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020च्या अहवालात रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असलेली भारतातली मुले सुमारे 27.5 कोटी असावीत असे म्हटले आहे. हा अंदाज आहे, प्रत्येक मुलाचे रक्त तपासून काढलेला आकडा नाही. शिवाय सगळा दोष बॅटऱ्यांचा नाही. रंग, मसाल्यांतली भेसळ, कल्हईत कथिलात मिसळलेले शिसे हेही त्यात आहे. मात्र जगातले बहुतेक शिसे आज बॅटऱ्यांसाठीच वापरले जाते, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच प्रयोगशाळांतून येणाऱ्या नव्या बॅटऱ्यांकडे मी आशेने पाहतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून लोह-फॉस्फेटवर आधारलेल्या लिथियम बॅटरीचा शोधनिबंध आला. पुढे 2019 मध्ये नोबेल मिळवणाऱ्या जॉन गुडइनफ यांच्याबरोबर त्यावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. या बॅटरीत शिसे नाही आणि कोबाल्टही नाही. चांगल्या जातीची बॅटरी हजारो वेळा चार्ज होते. ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीनुसार लिथियम बॅटरी-संचाचा सरासरी भाव 2024 मध्ये युनिटमागे 115 डॉलरपर्यंत उतरला. 2010 मध्ये तो हजार डॉलरच्या पुढे होता. त्याच्याही पुढची पायरी सोडियमची. सोडियम म्हणजे मिठातला, कुठूनही आयात करावा न लागणारा. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर, पुणे या संस्थेबरोबर विकसित केलेले सोडियम-आयन तंत्र जाहीर केले. सोडियमची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी लिथियमपेक्षा जड होते. पण भिंतीशी ठेवायच्या बॅटरीचे वजन कोणाला उचलायचे आहे?

नवे म्हणजे निर्धोक, असेही नाही. 16 जानेवारी 2025 रोजी कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथल्या प्रचंड बॅटरी प्रकल्पाला आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. तिथल्या बॅटऱ्या निकेल-कोबाल्टच्या प्रकारातल्या होत्या; लोह-फॉस्फेटमध्ये हा धोका कमी, पण शून्य नाही.

मला अधिक खुपणारी अडचण वेगळीच आहे. शिशाला भाव आहे म्हणून बॅटरी गोळा होते, आणि त्या भावापायीच वस्तीत विष पसरते. लोह आणि फॉस्फेटला भंगारात फारसा भाव नाही. म्हणजे उद्याची बिनविषारी बॅटरी कोणी विकत घ्यायलाच येणार नाही. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात जाईल, कचरागाडीत चेपली जाईल आणि पेट घेईल. बाजार एका बॅटरीला चुकीच्या ठिकाणी नेतो आणि दुसरीला कुठेच नेत नाही. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. नियम चांगले आहेत. पण ग्राहकाला बॅटरी परत दिल्यावर भंगारापेक्षा जास्त पैसे मिळतील, अशी अनामत रक्कम विक्रीच्या वेळीच घेतल्याशिवाय ते कागदावरून खाली उतरतील असे मला वाटत नाही.

तोवर आपल्या हातात थोडे आहे. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्या आणि पावतीवर तशी नोंद घ्या. घरातले कोणी बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावर असेल तर त्याने तिथेच हातपाय धुऊन कपडे बदलून यावे, ते कपडे वेगळे धुवावेत, मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नये, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आपले काम काय हे न विचारता सांगावे. रक्तातले शिसे मोजण्याची चाचणी सरकारी रुग्णालयांत रोजच्या यादीत नसते. नमुना बाहेर पाठवावा लागतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ती सुरू करणे फार खर्चिक नाही, कारण बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत पातळी दाखवणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. सुरुवात भट्ट्यांच्या आसपासच्या अंगणवाड्यांपासून करता येईल. आणि आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवण्याच्या निविदांत पॅनेलच्या हमीशेजारी आणखी एक रकाना असावा: पाच-सहा वर्षांनी इथली जुनी बॅटरी कोण नेणार आणि कुठे?