समुद्र नाही, तर शिडाची बोट कशी?

शिडाच्या बोटींची शर्यत म्हटलं की वर्ध्यातला माणूस हसणारच. मुंबईचा समुद्र इथून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास! पण २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ बोटीत रौप्य जिंकणारी १७ वर्षांची नेहा ठाकूर कुठली? मध्य प्रदेशातल्या देवासची. शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. समुद्र तिथेही नाही.

किशोरवयीन मुलांसाठी दोन बोटींची नावं नेहमी येतात. ट्वेंटी-नाइनर ही दोघांची, हलकी आणि वेगवान. एक जण ट्रॅपीझच्या तारेला लटकून सगळं अंग बोटीबाहेर काढतो. तत्त्व सी-सॉचंच: वारा बोट कलंडवतो, आपलं वजन जितकं लांब जाईल तितका तोल जास्त सांभाळता येतो, म्हणून शीडही मोठं पेलतं. वेग आला की बोट पाणी कापत जाण्याऐवजी त्यावरून घसरू लागते, आणि बाईकवर बसल्यासारखा वारा समोरून यायला लागतो. शीड सतत ओढत-सोडत राहायचं. चुकलात की दोघंही पाण्यात.

दुसरी आयएलसीए, म्हणजे जुनी लेझर. एकच खेळाडू, एकच शीड. बोटीचं धड तेच ठेवून डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलायचं: आयएलसीए-४ ला ४.७ चौरस मीटर, पुढे ५.७६, मग ७.०६. हार्डवेअर एक, कॉन्फिगरेशन तीन. मुलगी मोठी झाली म्हणून नवी बोट घ्यायला नको. आपल्याकडे सुरुवात करायची तर माझं मत हिलाच.

आणि ही 'साधी' बोट म्हणून कमी लेखू नका. प्रत्येक शर्यतीत जितका क्रमांक तितके गुण, सर्वात वाईट शर्यत वगळायची, कमी गुणवाला वर. हांगझोऊत ११ शर्यती झाल्या. नेहाचे ३२ गुण, ५ वगळून २७. कांस्य मिळवणाऱ्या सिंगापूरच्या मुलीचे २८. बोटी सगळ्यांच्या सारख्याच, तेव्हा हा एक गुण आला तो पाण्यावर घातलेल्या तासांतून.

ते तास वर्ध्यात कुठे मिळतील? बोर धरणाला लागून व्याघ्र प्रकल्प, तिथलं जमणं कठीण. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरणाचं पाणी आहे. पण ते सिंचनाचं. उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागतात तेव्हाच पाणी खाली जातं आणि काठाला चिखल उरतो. जलसंपदा विभागाची परवानगी लागेल. बोट काय, ट्रकवर टाकून आणता येते. लाइफ जॅकेट घातलेल्या पोरांच्या मागे रोज मोटरबोट घेऊन फिरणारा प्रशिक्षक कोण, आणि त्याचा पगार कुठून, हे आधी ठरवावं लागेल.