आधी पथरी, मग पटाशी

आपल्या शाळेत बूट, बकल, बिछाना, कपाट सगळ्याची तपासणी होते. सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये पटाश्या मोजतात, करवतींचे दात पाहतात. मात्र ज्या दगडावर या सगळ्यांना धार लागते, ती पथरी कोणीच पाहत नाही. माझ्या मते तपासणीत तिचा नंबर पहिला हवा.

वर्कशॉपमधल्या पथरीवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. मधोमध पट्टीखालून उजेड दिसेल. वर्षानुवर्षे सगळ्यांनी मधल्या भागातच घासल्यामुळे तिथे होडीसारखा खोलगट भाग झाला आहे. अशा दगडावर रंध्याच्या पात्याची धार सरळ राहत नाही, मध्ये फुगते. पटाशीची सपाट पाठही गोलावते. मग पटाशी लाकडात शिरत नाही, मुले जोर लावतात, आणि घसरलेल्या पटाशीसमोर बहुतेक वेळा डावा हात असतो. मागच्या सत्रात सातवीतल्या एका मुलाला तीन टाके पडले. सगळे म्हणाले, "लक्ष नव्हतं." लक्ष होते, धार नव्हती.

माझे वडील चेन्नईत नोकरीला आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या घराचे दार दुरुस्त करायला एक म्हातारे सुतार आले होते. त्यांनी पिशवीतून प्रथम दगड काढला, पेन्सिलीने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि अंगणातल्या फरशीच्या तुकड्यावर ओली वाळू टाकून घासायला बसले. काठावरच्या रेघा गेल्या, मधल्या राहिल्या. मधल्याही जाईपर्यंत ते थांबले नाहीत. आईने दाराचे विचारले, तर म्हणाले, "मोदल्ल कल्लु, अप्पुरम उळि." आधी दगड, मग पटाशी.

आपली काळपट पथरी खाणीतून निघत नाही. ती सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे कार्बोरंडमची असते. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना हा पदार्थ १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत मिळाला. कार्बोरंडम युनिव्हर्सल ही आपल्याकडची कंपनी १९५४ मध्ये चेन्नईतच, तेव्हाच्या मद्रासमध्ये, सुरू झाली. याच पदार्थाची पूडही मिळते. जाड काचेवर ती पूड आणि पाणी घेऊन घासले, तर वाळूपेक्षा काम लवकर होते.

काही जण म्हणतात, दोन पथऱ्या एकमेकींवर घासा, झाले. मला हे पटत नाही. एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या एकमेकींवर अगदी नीट बसू शकतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० मध्ये सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला होता. त्याच्या पद्धतीत पाट्या तीन लागतात. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळली, तरच तिन्ही सपाट. भूमितीच्या तासाला हे करून पाहण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप असा, की घासून दगड संपेल. पण झिजतात ते काठ, आणि ते आपण वापरतच नाही!

तेलाबद्दलही सांगतो. वसतिगृहातले खोबरेल पथरीवर ओतू नका. थंडीत ते थिजते आणि लोखंडाच्या किसासकट दगडाची भोके बुजवते. आजीच्या काळी पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेत, तसाच हा दगडही बुजला की कापत नाही. रॉकेल आणि ब्रशने तो धुता येतो. मशीनचे पातळ तेल चालते.

दर शनिवारी ज्या वर्गाची वर्कशॉप ड्यूटी असेल, त्याने पेन्सिलीच्या रेघा मारून पथरी घासावी आणि वहीत तारीख टाकावी. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. काच आणि पूड यांची मागणी मी स्टोअरच्या वहीत लिहिली आहे. तिसऱ्या पथरीचा अर्जही दिला आहे.